मत्स्यथव्यांचे स्थलांतर व संख्याबळ

मत्स्यथव्यांचे स्थलांतर व संख्याबळ : हेरिंग, सार्डिन, तारली, बांगडा यांसारखे थव्याने राहणारे सागरी मासे अंडी घालण्यासाठी, अन्नासाठी किंवा हिवाळा काढण्यासाठी ठराविक ऋतूंत ठराविक क्षेत्रांकडे जातात. या प्रवासाची कारणे पूर्वी मुख्यत्वे पाण्याचे तापमान, लवणता, प्रवाह व अन्नाचा पुरवठा यांत शोधली जात. ती चूक नव्हेत, पण अपुरी आहेत. समुद्राची स्थिती सारखीच असतानाही एकाच जातीचे मासे विपुल असताना दूरवर जातात व विरळ झाले की किनाऱ्याजवळच राहतात, असे आढळून आले आहे. म्हणजे माशांची संख्या हा स्थलांतराचा केवळ परिणाम नसून त्याचे एक कारणही आहे.

यातील सर्वांत सोपा भाग क्षेत्राच्या विस्ताराचा आहे. अन्न व अंडी घालण्यास सोयीचे पाणी असलेल्या गाभ्याच्या क्षेत्रात मासे प्रथम राहतात. तेथे गर्दी होऊन प्रत्येकाच्या वाट्याचे अन्न घटले की काही मासे कडेच्या, कमी प्रतीच्या क्षेत्राकडे सरकतात. ॲलेक मॅकॉल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये याला खोलगट भांड्याची उपमा दिली. भांड्यात पाणी थोडे असेल, तर ते तळाशी साचते. वाढले की काठाकडे पसरते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सार्डिन १९३० च्या दशकात विपुल असताना उन्हाळ्यात कॅलिफोर्नियापासून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत जात. साठा कोसळला तेव्हा १९४७ च्या सुमारास उत्तरेकडील हे टोक प्रथम ओस पडले. साठा सावरल्यावर १९९२ मध्ये सार्डिन तेथे पुन्हा दिसू लागले.

या उपमेतून एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि ती अनेकदा दुर्लक्षिली जाते. गाभ्याच्या क्षेत्रात थवे शेवटपर्यंत दाट राहतात. त्यामुळे एका फेरीत मिळणारी मासळी पूर्वीइतकीच राहते व साठा सुरक्षित आहे असा समज होतो. प्रत्यक्षात तो निम्म्याहून कमी झालेला असू शकतो. कडेच्या बंदरांतील मच्छीमारांना घट आधी जाणवते, परंतु त्यांची तक्रार स्थानिक समजून बाजूला ठेवली जाते.

प्रवास सुरू होण्यासही संख्येची किमान मर्यादा लागते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या जॉर्जेस बँक या उथळ भागात २००६ च्या शरद ऋतूत निकोलस मॅक्रिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी कंप्रतेच्या ध्वनितरंगांच्या साहाय्याने हजारो चौ. किमी. क्षेत्र एकाच वेळी न्याहाळले. विखुरलेल्या हेरिंग माशांची घनता दर चौ. मी. ला सु. ०·२ मासा या मर्यादेपर्यंत पोहोचताच सायंकाळच्या सुमारास साखळी प्रक्रियेप्रमाणे थवा बांधला जाऊ लागे. तो लवकरच दहापट किमी. लांबीचा होई आणि एकाच वेळी अंडी घालण्याच्या उथळ जागेकडे निघे. अशा थव्यात सु. २५ कोटी मासे असत. मर्यादा गाठली गेली नाही, तर मासे विखुरलेलेच राहत.

मार्ग टिकण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. तो समजण्यासाठी नदीतील माशाशी तुलना उपयोगी पडते. पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतून साइक्स यांनी १८३९ मध्ये वर्णन केलेला महसीर (टॉर खुद्री) पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो. भोर-वेल्हे भागातून वाहणाऱ्या नद्यांसारख्या सह्याद्रीतील नद्यांत माशाची वाट नदीचे पात्रच आखून देते. मासे दहा असोत वा दहा हजार, वाट एकच. वेल्ह्यातील पानशेत व वरसगाव किंवा भोरजवळील भाटघर यांसारखी धरणे झाली की ती वाट तुटते, आणि ती कोठे तुटली हे डोळ्यांना दिसते. समुद्रात अशी आखलेली वाट नसते. तेथे तरुण मासे वडीलधाऱ्या माशांबरोबर पोहत जाऊन मार्ग शिकतात. थव्यातील जाणत्यांचे प्रमाण फार घटले की ही परंपरा खंडित होते, आणि ती खंडित झाल्याची कोणतीही खूण पाण्यावर राहत नाही.

नॉर्वेजियन हेरिंग हे याचे उत्कृष्ट उदाहरण होय. १९५० च्या दशकात एक कोटी टनांहून मोठा असलेला प्रजननक्षम साठा अतिमासेमारीमुळे १९७० च्या सुमारास एक लाख टनांहूनही कमी झाला. पूर्वी नॉर्वेच्या किनाऱ्यावर अंडी घालून आइसलँडच्या उत्तरेस चरण्यास जाणाऱ्या या माशांचे उरलेसुरले थवे पुढे सु. वीस वर्षे नॉर्वेच्या किनारी पाण्यातच राहिले. १९८३ च्या पिढीमुळे साठा सावरला व मासे पुन्हा खुल्या समुद्रात जाऊ लागले. परंतु त्यांची हिवाळ्यातील ठिकाणे मात्र निराळी होती. अलीकडे २०१६ ची विपुल पिढी वयात आली, तेव्हा वृद्ध मासे फार थोडे उरले होते. परिणामी मुख्य प्रजननक्षेत्र सु. ८०० किमी. उत्तरेकडे सरकले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले.

हा निष्कर्ष आपल्या तारलीस (सार्डिनेला लाँजिसेप्स) जसाच्या तसा लावता येत नाही. हेरिंग वीस वर्षांहून अधिक जगू शकतो, तारली जेमतेम दोन-तीन वर्षे. तीत जाणत्या वृद्धांचा वर्गच लहान असतो. पावसाळ्यात मलबार किनाऱ्यालगत खोलातील पोषक पाणी वर येते, डायाटम वनस्पती माजतात व तारली त्यांवर पोसते. तिच्या हालचालींत या अन्नाचा वाटा मोठा आहे. क्षेत्रविस्ताराचा नियम मात्र तिला लागू पडतो असे दिसते. तिच्या साठ्यातील चढउतार जुने आहेत. १९४० च्या दशकातील दुष्काळात तत्कालीन मद्रास सरकारने १९४३ मध्ये मासेमारीवर निर्बंधही घातले होते. १९८५ पर्यंत देशातील बहुतेक सर्व तारली ८° ते १४° उ. अक्षांशांमधील किनाऱ्यावर मिळे. पुढे साठा वाढत गेला, तशी ती गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी व पूर्व किनारा येथेही मिळू लागली. २००६ मध्ये देशाच्या उत्पादनातील सु. १५% वाटा १४° ते २०° उ. अक्षांशांमधील होता. संशोधकांनी याचे श्रेय प्रामुख्याने तापणाऱ्या समुद्राला दिले आहे. तथापि विस्ताराचा काळ विपुलतेचाही होता, हे विसरता येत नाही. दोन्ही कारणांतील फरक ओहोटीच्या काळातच स्पष्ट होतो : विस्तार केवळ तापमानामुळे असेल, तर साठा घटल्यावरही तारली उत्तरेस टिकावी, गर्दीमुळे असेल, तर ती प्रथम उत्तरेतून मागे हटावी.

ओहोटी किती तीव्र असू शकते, हे केरळच्या आकड्यांवरून कळते. तेथे २०१२ मध्ये सु. ३·९ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती अवघी ३,२९७ टन भरली. त्यानंतर उत्पादन पुन्हा वाढले. कोकणात या चढउतारांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पर्ससीन नौका थव्याचा शोध घेत खोल पाण्यात जाऊ शकतात. महाराष्ट्रात २०१६ च्या शासननिर्णयाने या जाळ्यांची मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरती मर्यादित करण्यात आली. मालवण परिसरातील रापण मात्र किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढावयाचे जाळे आहे. थवा किनाऱ्यापर्यंत आला तरच ती ओढता येते, आणि थवा किनाऱ्यास लागणे हे दक्षिणेकडील गाभा भरलेला असण्यावर बव्हंशी अवलंबून असते. तारली व बांगडा यांच्या साठ्याचे मोजमाप बंदरावर उतरलेल्या एकूण टनांवरच केले, तर रापणकरांचे रिकामे जाळे त्या हिशेबात कोठेच येत नाही. क्षेत्राच्या उत्तरेकडील कडेवर दरवर्षी थवे किती वेळा व किती दिवस आले, याची नोंद ठेवणे म्हणूनच साठ्याच्या मोजमापास पूरक ठरते. ती रापण संघांकडून सहज मिळू शकते.