पिपाणीचा फंडा!

वीकेण्डला कोकण रेल्वेनं खेडला उतरताय? मग मोबाइल सॅकमध्ये टाका आणि माडाची एक हिरवी पात मागून घ्या. हीर काढायचा, पातीची निमुळती गुंडाळी वळायची, सुटू नये म्हणून हिराचाच तुकडा टोचायचा. बारीक टोक बोटांनी चपटं केलं की झाली पिपाणी!

खरी गंमत पुढेच. टोक सैल राहिलं तर नुसतीच हवा. फार आवळलं तर फुंकच अडते. मधला ताण सापडला की दोन्ही पदर थरथरतात, सूर फुटतो. सनईच्या पत्तीचं तत्त्वही हेच. पात सुकली की ताण बिघडतो, म्हणून मी दर वेळी नवी वळते.

हा ताण लिहून सांगता येत नाही, तो आजीच्या बोटांत असतो. ती बोटं आहेत तोवर शिकून घ्या!