रजिस्टर पत्र बंद, मग महत्त्वाचे कागद पाठवायचे कसे?

नेरुळ असो की तळोजा, सोसायटीतली डाक बऱ्याचदा वॉचमनच्या टेबलावरच राहते. म्हणून हा बदल आपण नीट समजून घेऊ.

१ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. रजिस्टर पत्र ज्याच्या नावाचं, त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हाती पडायचं. स्पीड पोस्ट मात्र पत्त्यावर येते, घरातलं कुणीही ती घेऊ शकतं. निकाहनाम्याची नक्कल, वारसाचे कागद, वकिलाची नोटीस पाठवताना काउंटरवर ‘रजिस्ट्रेशनही हवं’ असं सांगायचं. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे ५ रुपये आणि जीएसटी वेगळे पडतात.

आणि पत्र हरवलं तर? २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ ला लागू झाला. त्यानुसार नियमांत ठरवून दिलेली जबाबदारी सोडली तर खात्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. कर्मचारीही फसवणूक केली किंवा मुद्दाम नुकसान केलं, तरच अडकतो. १८९८ च्या जुन्या कायद्यातही असंच संरक्षण होतं.

तेव्हा पावतीचा फोटो काढून ठेवा. तक्रार लेखी द्या, तिचा नंबर घ्या. चूक कुणाकडूनही होते. पण आपण ती नोंदवली नाही, तर ऑफिसच्या लेखी ती झालेलीच नसते.