ताप बाळाला, घाम घरच्यांना

थर्मामीटरवर 101 दिसले की घरात ज्याची त्याची कामे ठरलेली असतात. आजी गोधडी काढते, आई कोलन वॉटरची बाटली शोधते आणि बाबा मोबाइलवर नको ते वाचून घाबरतात. पेशंट, वय वर्षे अडीच, तोवर सोफ्यावरून उडी मारून दाखवत असतो.

चौघांत शहाणा तोच.

गोधडीत गुंडाळून घाम काढला की ताप उतरतो, अशी आजीची खात्री. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. आधी मेंदूतला तापमानाचा काटा खाली येतो, मग जास्तीची उष्णता बाहेर टाकायला शरीर घाम सोडते. काटा वर असताना गोधडीत कोंबलेले पोर नुसते आणखी तापते. थंडी वाजत असेल तेवढ्यापुरते हलके पांघरूण पुरे, एरवी सुती कपडे बरे. कोलन वॉटरचे दुखणे वेगळेच. त्यातले अल्कोहोल झपाट्याने उडते, मूल कुडकुडते आणि कुडकुडण्याने अंगात उष्णताच तयार होते. शिवाय ते अल्कोहोल कातडीतून आणि श्वासावाटे अंगातही जाते. पट्टी ठेवायचीच तर साध्या पाण्याची. बर्फाच्या पाण्याची नको.

बाबांचा गैरसमज आकड्याचा. साध्या विषाणूनेही ताप 103 वर जाऊ शकतो, म्हणून आकड्यापेक्षा पोर पाणी पिते का, शू करते का, हाकेला ओ देते का, हे बघायचे. अपवाद तीन महिन्यांखालच्या बाळाचा. तिथे 100.4 म्हणजे थेट डॉक्टर.

दवाखान्याच्या पायरीवर ताप पळतो, हा अनुभव मात्र खरा आहे. आईला ओशाळे करणारा हा चमत्कार पॅरासिटामॉलचा असतो. निघताना दिलेला डोस अर्ध्या-एक तासात काम करू लागतो आणि रिक्षा नि वेटिंग रूम धरून तेवढा वेळ गेलेलाच असतो. डॉक्टरांना हे ठाऊक असते. आईलाच उगाच वाटते, आपण खोटे पडलो.

डोस देणे हा तर कुस्तीचाच प्रकार. एकाने हात धरायचे, दुसऱ्याने गाल, तरी निम्मे औषध झबल्याला. पण खरी गडबड त्याआधीच झालेली असते, चमच्यात. चहाचा चमचा म्हणजे 5 मिलिलिटर हे कागदावरचे. घरोघरचे चमचे त्याच्या निम्म्यापासून दीडपटीपर्यंत असतात. बाटलीवरच्या मापाच्या झाकणाला म्हणूनच पर्याय नाही. थेंबांची बाटली इवलीशी, म्हणून औषध सौम्य, हा त्याहून धोक्याचा समज. पॅरासिटामॉलच्या थेंबांत सहसा दर मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या अख्ख्या 5 मिलिलिटरमध्ये 125 किंवा 250. मात्रा ठरते ती मुलाच्या वजनावर, बाटलीच्या उंचीवर नव्हे.

‘दात येताहेत, म्हणून ताप’ हे निदान शेजारच्या काकू जिन्यातूनच करतात. काकू एकट्या नाहीत. 1839 साली इंग्लंड आणि वेल्सच्या सरकारी नोंदींत पाच हजारांवर मृत्यू ‘दात येणे’ या कारणाखाली लिहिले गेले होते! दातांनी हिरड्या दुखतात, लाळ गळते, अंग किंचित कोमट लागते. खणखणीत ताप येत नाही. साधारण सहाव्या महिन्यात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, त्याच सुमारास बाळ चपलेपासून रिमोटपर्यंत सगळे तोंडात घालू लागते, आणि नेमका तेव्हाच पहिला दात डोकावतो. आळ दातावर.

सर्दीचा आळ असाच केळ्यावर. सर्दी विषाणूंनी होते आणि लहान मुलांना ती वर्षातून सहा-आठ वेळा होणे नेहमीचेच. शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. तो रंग पांढऱ्या पेशींतल्या एका लोहयुक्त विकराचा. मधाचे चाटण मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको, बोटुलिझमचा धोका असतो.

चौथ्या दिवशी पोर बालवाडीत जाते. विषाणू तोवर घरभर फिरून आलेला असतो, आणि आता गोधडीत बाबा आहेत, ताप 99.