उंद्रीची अक्षरं किती?

बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीची पाटी वाचणाऱ्याला दोन अक्षरं दिसतात: उं आणि द्री. संगणकानं मात्र या नावाची लांबी गेल्या दोन दशकांत कधी १८, कधी ६, कधी ३ सांगितली आहे.

१८ हे पायथॉन २ या प्रोग्रॅमिंग भाषेचं उत्तर. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड या जागतिक लिपी-मानकाचा मजकूर बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि लांबी सांगणारं तेव्हाचं 'लेन' फंक्शन बाइट मोजायचं. उ, अनुस्वार, द, हलन्त, र, वेलांटी. सहा त्रिक अठरा. दहा बाइटांच्या रकान्यात हे नाव कोंबलं, की 'उंद'पुढे हलन्ताचा फक्त पहिला बाइट उरायचा आणि पडद्यावर प्रश्नचिन्ह उमटायचं.

डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आलं आणि तेच 'लेन' बाइटांऐवजी चिन्हं मोजून ६ म्हणू लागलं. नाव जुनं, अर्थ नवा. बाइट आणि मजकूर यांची सरमिसळ करणारे असंख्य प्रोग्रॅम अडले. पायथॉन २ ची देखभाल २०१५ ला थांबायची होती, ती १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावी लागली. मधे २०१२ च्या ३.३ आवृत्तीनं, युनिकोड मजकुरापुढे लावायचं आणि मोडीत काढलेलं 'यू' हे अक्षर परत घेतलं, म्हणजे एकच कोड दोन्हीकडे चालावा. ही माघार मला फार समंजस वाटते. जुन्या वाटेवरच्या माणसाला हात देऊनच नव्या वाटेवर आणता येतं.

पीएचपी या दुसऱ्या भाषेनं अशी मोडतोड टाळली. आतून-बाहेरून युनिकोड होणारं पीएचपी ६ हे काम २०१० मध्ये सोडून दिलं गेलं. तिथलं 'स्ट्रलेन' आजही १८ सांगतं. ६ हवे असतील तर 'एमबी_स्ट्रलेन' वापरायचं. कुणाचा कोड बिघडला नाही, हे खरं. पण साध्या इंग्रजी मजकुरावर दोन्हींचं उत्तर एकच येतं, त्यामुळे चुकीचं फंक्शन वापरल्याचं चाचणीत कळतच नाही. ते कळतं उंद्रीचं नाव भरल्यावर. या सुसंगतीची किंमत मराठीनं मोजली, असं मला वाटतं.

सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ नं अक्षरगट पाडण्याचा नियमच बदलला. आधी उं, द्, री असे ३ गट पडत. आता हलन्त पुढच्या व्यंजनाला धरून ठेवतो आणि २ पडतात. पाटीवर दिसतात तेवढेच.

पायथॉनच्या, मजकुरात नमुने शोधणाऱ्या 'आरई' लायब्ररीला मात्र शब्दातली अक्षरं वेचायला सांगितली, तर आजही उ, द, र एवढंच हाती लागतं. अनुस्वार, हलन्त, वेलांटी तिच्या लेखी अक्षरांत नाहीत. हे सुधारताना कुणाचा तरी जुना कोड मोडेल. तरी ते सुधारावं.