पाठीवरचा यात्रेकरू

नवरात्राच्या दिवसांत पहाटेच्या गाडीने डोंगरगडच्या स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीकडे पाहिले, म्हणजे तीत असे कितीतरी यात्रेकरू दिसतात, की जे स्वतःच्या पायांनी एकही पायरी चढणार नसतात. कोणी आईच्या कडेवर असतो, कोणी वडिलांच्या खांद्यावर, कोणी मामाच्या पाठुंगळीला. आणि अलीकडच्या काळात कोणी धातूची चौकट, पट्टे आणि छत असलेल्या झोळीत ऐटीने बसलेला असतो. रायपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या या गावी बम्लेश्वरी देवीचे देऊळ डोंगराच्या माथ्यावर आहे, आणि तेथवर जाण्यास हजारावर पायऱ्या आहेत. धडधाकट माणसाला ही चढण फारशी अवघड नाही. पण पाठीवर बसलेल्या दीड वर्षाच्या यात्रेकरूला ती कशी वाटते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर देण्याइतके शब्द त्याच्यापाशी नसतात.

रायपूर हे महानदीच्या खोऱ्यातील मैदानी शहर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची जेमतेम ३०० मीटर. डोंगर पाहावयाचा तर शहराबाहेर पडावे लागते. पश्चिमेस डोंगरगड, वायव्येस मैकलच्या रांगा, दक्षिणेस महानदीच्या उगमाजवळचा सिहावा, आणि दूर उत्तरेस सरगुज्यातील मैनपाटचे पठार. या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे विदर्भातील चालीरीती येथे सहज रुजल्या. जावळाचा संस्कार हा त्यांपैकीच एक. मुलाचे पहिले केस पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी कुलदेवतेच्या पायाशी उतरवावयाचे, आणि कुलदेवता तर पुष्कळदा डोंगरावर वसलेली! माहूरची रेणुका, कार्ल्याची एकवीरा, वणीची सप्तशृंगी, जेजुरीचा खंडोबा ही सारी उंचावरची दैवते. ज्या वयात मुलाला नीट चालता येत नाही, नेमके त्याच वयात त्याला डोंगर चढावा लागतो. नवस फेडण्यासाठी म्हणून असो की सुट्टीच्या दिवशी रानवारा खाण्यासाठी म्हणून असो, मूल वर जाते ते दुसऱ्याच्या पाठीवर बसूनच.

मूल अंगावर बांधून वाट चालणे ही काही नवी युक्ती नव्हे. छत्तीसगडच्या खेड्यांत आणि बस्तरच्या रानात स्त्रिया मुलाला कापडाच्या पट्ट्यात घेऊन पाठीशी किंवा कमरेशी बांधतात आणि शेताची, बाजाराची वाट चालतात. दुकानात मिळणारी आधुनिक झोळी याच घराण्यातली आहे. अ‍ॅन मूर नावाची एक अमेरिकन परिचारिका १९६० नंतरच्या दशकात आफ्रिकेतील टोगो देशात सेवेसाठी गेली होती. तेथील माता मुलांना कापडाने पाठीशी बांधून हिंडतात आणि ती मुले शांत असतात, हे तिने पाहिले. मायदेशी परतल्यावर स्वतःच्या मुलीसाठी तिने आपल्या आईच्या मदतीने तशीच झोळी शिवून घेतली. १९६९ मध्ये तिला तिचे पेटंट मिळाले आणि ‘स्नग्ली’ या नावाने ती झोळी घरोघर पोहोचली. डोंगरवाटेसाठी धातूच्या चौकटीची झोळी निघाली ती मात्र गिर्यारोहकांच्या पाठपिशवीवरून. साधन बदलले, शिवण बदलली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. वाहणारा चालत असतो आणि वाहिलेला स्थिर असतो. या विषयातील सारे धोके आणि साऱ्या दक्षता या एका भेदातून निघतात.

स्नायू जेव्हा काम करतात, तेव्हा अन्नातून मिळालेल्या शक्तीचा सुमारे एक-चतुर्थांशच भाग प्रत्यक्ष कामी येतो; बाकीची शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच चढणीवर माणूस थंडीच्या दिवसांतही घामाघूम होतो. पाठीवरचे मूल असे कोणतेच काम करीत नाही. म्हणजे एकाच वाटेवर, एकाच घटकेला, दोन शरीरे दोन निराळ्या ऋतूंत असतात. वडिलांना गरम होते म्हणून मुलाचे अंगडे काढावे, तर मूल गारठलेले असण्याचा संभव. वडिलांना वाऱ्याची झुळूक लागते म्हणून निश्चिंत राहावे, तर त्यांच्याच पाठीला चिकटलेले मूल उकडून निघत असण्याचा संभव. स्वतःच्या अंगावरून मुलाच्या अंगाची परीक्षा करणे, ही या प्रवासातली पहिली आणि सर्वांत मोठी चूक होय.

छत्तीसगडच्या मैदानाजवळच्या डोंगरांवर भय विशेषतः उन्हाचे. आश्विनातील नवरात्र त्या मानाने सौम्य. चैत्रातील नवरात्रात मात्र दुपार चांगलीच तापलेली असते, आणि मे महिन्यात तर रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा अधिक असते, म्हणून तापलेल्या हवेतील उष्णता ते लवकर शोषून घेते. आणि घाम कमी येत असल्याने ती बाहेर टाकण्यास ते असमर्थ असते. कापडी झोळीत त्याचे पोट वाहणाऱ्याच्या तापलेल्या पाठीला टेकलेले असते. चौकटीच्या झोळीत मध्ये हवा खेळते खरी, पण छतावरून ओढणी पांघरली की तीही कोंडते. त्यातून देवस्थानच्या गर्दीत वारा लागत नाही आणि रांग लवकर सरकत नाही. अशा वेळी मूल गप्प झाले, तर त्याला झोप लागली असे समजून घरची मंडळी समाधान मानतात. पण गप्प होणे हे सुखाचे लक्षण असते तसेच थकव्याचेही असते.

यास उपाय साधा आहे. दर अर्ध्या तासाने सावलीत थांबावे, मुलाला झोळीतून पूर्णपणे बाहेर काढावे आणि त्याच्या मानेच्या मागे व छातीवर हात ठेवून पाहावे. हातापायांवरून शरीराची खरी ऊब कळत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाणी न देता वरचेवर अंगावर पाजावे. त्याहून मोठ्या मुलाला तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट पाणी द्यावे. ओठ सुकले, बऱ्याच तासांत लघवी झाली नाही, मूल किरकिरते आहे किंवा उलट मलूल झाले आहे, अंग चटका लागेल असे तापले आहे, अशी चिन्हे दिसली तर चढण तेथेच संपली असे समजावे. कपडे सैल करून, ओल्या फडक्याने अंग पुसून, वारा घालीत त्याला खाली आणावे. आणि ते हाकेला नीट प्रतिसाद देत नसेल तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा. सकाळी ऊन चढण्यापूर्वी वर जाऊन परत येणे, आणि शक्य तेथे कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस निवडणे, हे सर्वांत उत्तम.

हिवाळ्यात भयाची दिशा उलटी होते. उंची हजार मीटरने वाढली, की हवा साधारणपणे साडेसहा अंशांनी थंड होते. मैनपाटवर आणि मैकलच्या चिल्फी भागात पौषातल्या पहाटे गवतावरचे दंव गोठलेले दिसते. तेथे सूर्योदय पाहावयास निघालेले वडील अर्ध्या तासात गळ्यातला मफलर सोडतात, पण पाठीवरच्या मुलाचे लोंबते पाय त्या वेळी वाऱ्यात असतात. मांडीच्या सांध्यापाशी पट्टा काचत असेल तर पायांत रक्तही नीट पोहोचत नाही. म्हणून पायमोजे, टोपी आणि वारा अडवणारे वरचे वस्त्र मुलासाठी स्वतंत्रपणे घ्यावे, आणि थांब्यावर त्याला थोडे चालू-धावू द्यावे. हालचाल हीच त्याची शेकोटी.

आता बैठकीविषयी. चौकटीच्या झोळीत बसण्यासाठी मुलाला आधाराशिवाय बसता आले पाहिजे आणि त्याची मान पक्की झालेली असली पाहिजे. हे सामर्थ्य बहुधा सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास येते. त्याआधी कापडी झोळी छातीशी बांधावी, म्हणजे बाळाचा चेहरा सतत डोळ्यांसमोर राहतो. तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची नळी दबते, आणि अशा वेळी ते रडूनही सांगू शकत नाही. पायांची ठेवणही महत्त्वाची. गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर आणि मांड्या दोन्ही बाजूंना फाकलेल्या, म्हणजे आपल्याकडे मूल कडेवर बसते तशी बैठक खुब्याच्या सांध्याला हितकर असते. उत्तर अमेरिकेतील नवाहो लोकांत मुलाला पाय सरळ करून फळीला बांधण्याची रीत होती, आणि त्यांच्यात खुबा निखळण्याचे प्रमाण अधिक आढळले. उलट ज्या समाजांत मुले पाय फाकून पाठीशी बांधतात, तेथे ते कमी आढळते. आजीच्या कडेवरच्या बैठकीत केवढे शहाणपण होते, हे यावरून कळून येते.

राहिला प्रश्न वाहणाऱ्याचा. वर्षाचे मूल नऊ-दहा किलोंचे, दोन वर्षांचे अकरा-बारा किलोंचे. त्यात झोळीचे तीन किलो आणि पाणी, कपडे, खाऊ यांचे आणखी तीन-चार किलो मिळवले, म्हणजे पंधरा ते एकोणीस किलोंचा भार झाला. तो खांद्यांवर लटकवू नये. कमरेचा पट्टा आधी आवळून भार कमरेच्या हाडांवर घ्यावा आणि खांद्याचे पट्टे नंतर ओढावेत. शिवाय हा भार निर्जीव नसतो. तो फुलपाखरू पाहून एकीकडे झुकतो, माकड पाहून दुसरीकडे. आणि झोप लागली की एका बाजूला कलंडतो. त्याचे डोके वाहणाऱ्याच्या डोक्याहून उंच असते, म्हणून जी फांदी आपल्याला लागत नाही ती त्याला लागते. चढण दमवते, पण पाडते ती उतरण. थकलेले गुडघे, उंचावलेला भार आणि निसरडी पायरी ही तिन्ही तेथे एकत्र येतात. रायगडाचा कडा रात्री उतरून गेलेल्या हिरकणीची कथा मराठी मुले पाळण्यातच ऐकतात. पण त्या कथेत ती बाळाकडे जात होती, बाळ तिच्या पाठीवर नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उतरताना हातात काठी असावी, पाऊल आखूड पडावे, आणि घाई मुळीच नसावी. झोळी जमिनीवर ठेवल्यावर मुलाला तीत एकटे सोडू नये; ती सहज कलंडते.

छत्तीसगडातील सर्वांत उंच शिखर गौरलाटा. तेही १,२२५ मीटरचेच. तेव्हा विरळ हवेचा त्रास येथील डोंगरांवर संभवत नाही. पण येथली कुटुंबे हिमालयाच्या यात्रेलाही जातात, आणि तेथे मुलांना वाहून नेण्यासाठी पिट्ठू किंवा कंडीवाले मिळतात. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. विरळ हवेचा आजार साधारणतः २,५०० मीटरच्या वर जडू लागतो. मोठा माणूस डोके दुखते असे सांगतो. दीड वर्षाचे मूल फक्त रडते, खाणे टाकते, ओकते, आणि त्याचा अर्थ दातांपासून दृष्टीपर्यंत वाटेल तो लावला जातो. म्हणून जाणते वैद्य दोन वर्षांखालील मुलांना अशा उंचीवर मुक्कामाला नेऊ नये असे सांगतात. शिवाय सराईत कंडीवाला घरच्या माणसांहून झपाझप चालतो. मूल त्याच्या पाठीवर असले तरी आईबापांपैकी एकाने त्याच्या बरोबरीने चाललेच पाहिजे.

या साऱ्याचा अर्थ मुलांना डोंगर दाखवूच नये, असा मुळीच नव्हे. पाठीवरून दिसणारे रान, पायथ्याशी पसरलेली भातशेते आणि वडिलांच्या श्वासाची लय हे त्या वयाला मिळणारे धन आहे. प्रश्न आहे तो परत फिरण्याच्या तयारीचा. नवस बोललेला असतो, गाव सोडून आलेलो असतो, माथा समोर दिसत असतो. अशा वेळी पन्नास पायऱ्यांसाठी माघार घेणे मोठ्यांच्या जिवावर येते. डोंगरगडला या पेचाची सुटका देवस्थानाच्या रचनेतच आहे. तेथे वर जाण्यास रोपवेची सोय केलेली आहे. आणि ती कोणाला नको असेल, बंद असेल किंवा तिची रांग फार मोठी असेल, तर पायथ्याशी छोट्या बम्लेश्वरीचे देऊळ आहेच. मूल मलूल दिसताच तेथे हात जोडून परतणाऱ्याची यात्रा अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. वरच्या पायऱ्या कोठे जात नाहीत. आज पाठीवर असलेला यात्रेकरू चार वर्षांनी त्या स्वतःच्या पायांनी चढेल, आणि तेव्हा किती झाल्या हे मोजून सांगेल.