बुरशीच्या आंबटपणाचे गणित

शीतपेयांना आंबटपणा देणारे सायट्रिक आम्ल आज प्रामुख्याने लिंबापासून नव्हे, तर ‘अ‍ॅस्परजिलस नायजर’ या काळ्या बुरशीपासून मिळते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स करी यांनी १९१७ मध्ये हा मार्ग दाखविला आणि १९१९ मध्ये फायझर कंपनीने ब्रुकलिन येथे उत्पादन सुरू केले.

ही बुरशी मात्र लहरी आहे. साखर भरपूर, आम्लता तीव्र आणि मँगनीज अत्यल्प असेल, तरच ती मुबलक आम्ल देते. हवेचा पुरवठा थोडा वेळ खंडित झाला तरी बुरशी जगते. पण आम्लनिर्मिती पूर्ववत होत नाही.

एवढी मोठी जोखीम घेण्यापूर्वी गणिती प्रारूप उपयोगी पडते. ल्युडेकिंग आणि पिरे यांनी १९५९ मध्ये जिवाणूंच्या दुग्धाम्लनिर्मितीसाठी मांडलेले समीकरण येथेही वापरले जाते. त्यानुसार आम्लनिर्मितीचा वेग दोन बाबींवर ठरतो : बुरशीच्या वाढीचा वेग आणि तिचे एकूण प्रमाण. सायट्रिक आम्लाबाबत दुसरी बाब वरचढ ठरते. कारण वाढ मंदावल्यावरच आम्ल भराभर साचते. त्यामुळे साखर किती घालावी, किण्वन केव्हा थांबवावे, याचा अंदाज संगणकावर आधीच बांधता येतो.

अर्थात, अचानक बंद पडलेला हवेचा पंप या साध्या समीकरणात बसत नाही. तेथे टाकीवर डोळ्यांत तेल घालून पहारा देणेच कामी येते.