आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाच्या अंगावरून वारं गेलं आणि त्याच्या उशाशी बसून मी रात्रभर यंत्रावरचे आकडे बघत राहिलो. रक्तदाब, नाडी, ताप, श्वास, ऑक्सिजन. डोक्यात एकच प्रश्न : हा उठून बसणार का?

आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचे प्रकार सांगितलेत. ढग भरून आले, पाऊस येईल, हे पूर्ववत्. नदीला गढूळ पूर आला, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला, हे शेषवत्. आता पाहा, लकव्याच्या रुग्णाचा आकडा ढगही असतो आणि पूरही.

रक्तदाबाचंच घ्या. लकवा झाल्यावर पुष्कळांचा रक्तदाब चढतो आणि काही दिवसांत बराचसा आपोआप उतरतो. सतरा हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून २००२ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वरचा आकडा १५०च्या आसपास असलेल्यांत मृत्यू सर्वांत कमी होते. फार चढलेल्या आणि फार उतरलेल्या, दोन्ही बाजूंना जास्त. म्हणजे आकडा भविष्य सांगतो, हे खरं.

मग गोळी देऊन तो खाली आणला की झालं? चीनमध्ये रक्तवाहिनी तुंबलेल्या चार हजारांवर रुग्णांवर हे करून पाहिलं. दोन आठवड्यांनी किंवा घरी सोडताना पाहिलं, तर मृत्यू आणि अपंगत्वात फरक पडला नव्हता. पूर अडवला म्हणून वरचा पाऊस थांबत नाही! उलट तुंबलेल्या वाहिनीपलीकडे रक्त पोचायला तो दाब लागत असतो. म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं नसेल, तर डॉक्टर साधारणपणे २२०/१२०पर्यंत दाब लगेच उतरवत नाहीत. इंजेक्शन द्यायचं असेल तर मात्र तो १८५/११०च्या खाली आणावा लागतो. आणि वाहिनी फुटली असेल तर हिशेबच वेगळा. तुंबली की फुटली, हे स्कॅनशिवाय कळत नाही. तेव्हा घरात बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका.

तापाची गोष्ट निराळी. पहिल्या काही दिवसांतला ताप हे वाईट लक्षण, पण त्याकडे लक्ष देता येतं. ऑस्ट्रेलियात १९ स्ट्रोक विभागांत एक प्रयोग झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. काही विभागांत परिचारिकांनी ताप, साखर आणि गिळता येतं का, या तीनच गोष्टी ठरलेल्या पद्धतीनं सांभाळल्या. नव्वद दिवसांनी तिथे मृत्यू किंवा परावलंबन ४२ टक्के होतं, इतर विभागांत ५८. यात महागडं औषध नव्हतं, शिस्त होती.

नाडी अनियमित लागली तर गुठळी हृदयातून आली असण्याची शक्यता तपासतात. त्यावरून पुढचा झटका टाळायचं औषध ठरतं. बरं होण्याचा अंदाज बांधताना मात्र या आकड्यांहून जास्त वजन वयाला, आणि पहिल्या दिवशी शुद्ध किती, हातपाय किती लुळे, याला.

आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेनं २०११ ते २०१३ दरम्यान पाहणी केली. दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा होता, आणि त्यातले बहुतेक घरीच झाले.

आता समोरून प्रश्न आलाय : ‘सर, आकडे वाईट आहेत म्हटल्यावर माणूस घरी न्यावा का?’ दादा, आकडा गर्दीबद्दल बोलतो. शंभरातले किती, ते सांगतो. तुमचा माणूस त्यातला कोणता, ते सांगत नाही. माझ्या भावाचेही आकडे वाईटच होते. आज तो काठी टेकत ओट्यापर्यंत येतो. उजवा हात मात्र आला नाही.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की घड्याळ बघा. पाणी पाजू नका, चहा देऊ नका. १०८ला फोन करा आणि स्कॅनची सोय असेल तिथेच न्या. ते इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, ‘शेवटचा धड कधी होता?’ घरातलं कुणीतरी ही वेळ सांगू शकलं पाहिजे.